लहान मुलांमधील बॅलनायटिस

शिश्नाच्या टोकाचा, म्हणजे शिश्नमण्याचा दाह म्हणजे बॅलनायटिस. लहान मुलांत मण्यासोबत त्यावरची कातडी, म्हणजे अग्रत्वचाही बहुधा सुजते. या जोडदुखण्याला बॅलनोपोस्थायटिस म्हणतात. सुंता न झालेल्या मुलांत, त्यातही पाच वर्षांखालच्या, हे दुखणे जास्त दिसते. टोक लाल होऊन सुजते, खाज येते, कधी कातडीखालून पिवळट स्राव येतो. लघवी करताना आग होते, म्हणून मूल रडते किंवा लघवी रोखून धरते. आईवडील घाबरतात, पण बहुतेक मुले साध्या काळजीने आठवड्याभरात बरी होतात.

या आजारात काय करू नये, हे आधी कळायला हवे. जन्मतः अग्रत्वचेचा आतला थर मण्याला चिकटलेला असतो. तो दोष नव्हे. वय वाढेल तशी कातडी आपोआप सुटत जाते, आणि काहींच्या बाबतीत त्याला किशोरवय उजाडते. डॅनिश डॉक्टर अस्टर यांनी डेन्मार्कमधील शाळकरी मुलांची पाहणी करून १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कातडी मागे न जाण्याचे प्रमाण सहा-सात वर्षांच्या मुलांत सुमारे ८ टक्के होते, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ते १ टक्क्यावर आले होते. तरीही ‘आतून स्वच्छ करायचे’ म्हणून कातडी जोराने मागे ओढली जाते. त्याने बारीक जखमा होतात, दाह वाढतो आणि जखमा भरताना व्रण राहून कातडी खरोखरच आवळली जाऊ शकते. कातडीखाली दिसणाऱ्या पांढऱ्या गाठी म्हणजे साचलेल्या मृत पेशी. त्यांना पू समजून दाबू नये. लघवीच्या वेळी कातडी क्षणभर फुगणे हेही एरवी निरुपद्रवीच.

दाहाचे कारण अनेकदा जंतुसंसर्ग नसतेच. ओल्या लंगोटात किंवा डायपरमध्ये बराच वेळ राहणे, साबण, फेसाचे स्नानद्रव्य, सतत हात लावणे एवढेही पुरते. डायपरच्या वयात कँडिडा ही बुरशी आढळते. स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळेही दाह होतो.

म्हणून उपचाराची सुरुवात कोमट पाण्याने. दिवसातून दोन-तीन वेळा मुलाला काही मिनिटे कोमट पाण्यात बसवावे, साबण बंद ठेवावा, भाग हलकेच टिपून कोरडा करावा आणि डायपर लवकर बदलावा. लघवीला फार आग होत असेल तर पाण्यात बसूनच लघवी करू द्यावी. मुलाला याने मोठा आराम पडतो. दुखण्यासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर कारण पाहून औषध ठरवतात: क्षोभामुळे आलेल्या दाहाला थोडे दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मलम, बुरशीला क्लोट्रिमाझोलसारखे मलम, जीवाणूंचा संसर्ग असल्यास तोंडावाटे प्रतिजैविक. घरात उरलेले स्टेरॉइड आणि प्रतिजैविक यांचे मिश्र मलम स्वतःच्या मनाने लावू नये. चुकीच्या औषधाने खरे कारण झाकले जाते.

लघवी अजिबात होत नसेल, ताप असेल किंवा लाली शिश्नाच्या बुंध्याकडे आणि पोटाकडे पसरत असेल, तर थांबू नये. मागे गेलेली कातडी मण्यामागे अडकून टोक सुजू लागले, तर ती पॅराफायमोसिस ही तातडीची अवस्था असते. रक्तपुरवठा अडण्याचा धोका असल्याने लगेच रुग्णालय गाठावे.

दुखणे वारंवार उलटत असेल तर मधुमेह नाही ना, हे पाहण्यासाठी रक्तातील साखर तपासून घ्यावी. विशेषतः मूल खूप पाणी पीत असेल, सारखे लघवीला जात असेल आणि वजन घटत असेल, तर त्याच दिवशी. एरवी स्वच्छतेच्या सवयी आणि क्षोभकारक पदार्थ यांचा पुन्हा आढावा घेतला जातो. कातडी व्रणामुळे आवळली असेल तर काही आठवडे स्टेरॉइड मलम लावून पाहतात. टोकाशी पांढुरके, कडक कडे दिसू लागले तर लायकेन स्क्लेरोसस या कातडी पांढरी व कडक करणाऱ्या त्वचाविकाराची शंका येते. हा विकार शाळकरी वयात अधिक आढळतो आणि त्यात सहसा सुंताच करावी लागते. साध्या, एखाद्या वेळच्या बॅलनायटिससाठी मात्र तिची गरज नसते.