डोंबिवली एवढी का भरली, त्याची पार्श्वभूमी

लोकलच्या गर्दीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, एवढ्या लांब डोंबिवलीला राहायला जाताच कशाला? सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर, रोजचे जाऊन येऊन तीन तास, मग जवळ घर का नाही घेतलं? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण मला या प्रश्नाचा खरंच त्रास होतो, कारण त्यात असं धरलेलं असतं की लोक हौसेने तिकडे गेले. डोंबिवली कशी वाढली ते नीट बघितलं तर दिसतं की माणसं मुंबईतल्या घरांच्या धोरणाने बाहेर ढकलली गेली आणि जिथे ढकलली गेली तिथे पाणी, वीज, रस्ते यांची तयारी कोणी करून ठेवली नव्हती.

सुरुवात रेल्वेची. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. मधल्या पट्ट्यात ठाकुर्ली, आयरे, पाथर्ली, मोठागाव, कोपर अशी आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती आणि खाडी. १९२० च्या दशकाच्या शेवटी कल्याणपर्यंत विजेच्या गाड्या धावायला लागल्या आणि त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचं पॉवर हाऊस बांधलं. म्हणजे मुंबईच्या गाड्या ज्या विजेवर धावायच्या ती अनेक वर्षं इथेच तयार होत होती, हे आज फार जणांना माहीत नसतं.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या दोन्ही बाजूंना बैठी घरं, छोट्या चाळी, पुढे अंगण, मागे विहीर, आणि गणपतीचं देऊळ. हवा चांगली म्हणून येऊन राहिलेली काही कुटुंबं होती. नोकरी मुंबईत, घर डोंबिवलीत असा माणूस तेव्हाही होता, पण थोडा.

खरा बदल झाला तो १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्यात चूक काही नव्हती, पण भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि पुढे दशकानुदशकं तशीच ठेवली. मग मालकाला नवीन चाळ बांधण्यात काही मिळेना, जुनीची डागडुजीही तो करेना, आणि भाड्याने खोली मिळणं जवळजवळ बंद झालं. मिळाली तर पागडी द्या, म्हणजे खोलीसाठी आधीच एकरकमी मोठी रक्कम मोजा. गिरगाव, दादर, परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, आई-वडील असं सगळं राहायचं, धाकट्याचं लग्न ठरलं की प्रश्न यायचा की आता यांनी झोपायचं कुठे, आणि पागडीचे पैसे नसलेला कारकून, शिक्षक, बँकेतला किंवा गोदीतला माणूस गाडीत बसून पुढे पुढे जागा बघत यायचा. ठाण्यात नाही जमलं तर डोंबिवली. भाड्याची घरं संपली तशी ओनरशिपची पद्धत आली, १९६३ ला त्याचा कायदाही झाला, आणि पगारदार माणसाला सोसायटीचं कर्ज, पीएफ आणि बायकोचे दागिने मिळून परवडेल असा वन रूम किचन इथे मिळायला लागला.

त्या सत्तरच्या दशकातल्या बिल्डिंगी अजून उभ्या आहेत. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्चीवर पाण्याची टाकी, तीनशे-साडेतीनशे स्क्वेअर फुटांची घरं, आणि दोन बिल्डिंगींमध्ये एवढंच अंतर की समोरच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो. बापाने आयुष्यभराची कमाई घालून घेतलेलं हे घर आता मुलगा रिडेव्हलपमेंटला देतो.

१९७६ ला मुंबईसह मोठ्या शहरांमध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. जास्तीची जमीन सरकारने घेऊन गरिबांसाठी घरं बांधायची असा हेतू, प्रत्यक्षात थोडीच जमीन हातात आली आणि बाकीची वादात आणि सवलतींत अडकली, मुंबईत जागेचे भाव वर गेले ते गेलेच. महाराष्ट्राने तो कायदा २००७ ला रद्द केला. तोपर्यंत दोन पिढ्या कल्याण-डोंबिवलीत येऊन राहिल्या होत्या.

याच काळात सरकारने नवं शहर वसवायचं ठरवलं नाही असं नाही. १९७० ला सिडको स्थापन झालं, नवी मुंबईसाठी सेक्टर आखले, मोठे रस्ते आखले. डोंबिवलीकडे तोपर्यंत माणसं स्वतःहून येतच होती, पण तिला असा आखणारा कोणी मिळाला नाही. नगरपालिका होती, १९८३ ला कल्याण आणि डोंबिवली मिळून महानगरपालिका केली, आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९५ ला. मधली बारा वर्षं प्रशासकाची. बांधकामं सगळ्यात जोरात चालू होती तेव्हाच लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. आजूबाजूच्या २७ गावांचंही तेच, २००२ ला पालिकेबाहेर काढली, २०१५ ला परत घेतली, २०२० ला त्यातली १८ वेगळी करायचा निर्णय झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. दरम्यान तिथे सातमजली इमारती उभ्या राहिल्या. ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात तर खोटी परवानगी दाखवून रेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नंबर मिळवलेला, बँकांनी त्यावर कर्जं दिलेली, आणि २०२४ ला हायकोर्टाने पाडायचा आदेश दिल्यावर रस्त्यावर यायची वेळ आली ती हप्ते भरणाऱ्यांवर.

मुंबईच्या एवढं जवळ असून आम्ही मुंबईत नव्हतो, हे रोजच्या गोष्टींत कळायचं. एसटीडी कोड ०२५१, म्हणजे दादरला मामाला फोन करायचा तर रात्री रेट कमी झाल्यावर करायचा. बेस्टची बस नाही. वीज एमएसईबीची, २००५ पासून महावितरणची, त्यामुळे २००५ नंतरची काही वर्षं मुंबईत लख्ख उजेड आणि इकडे रोजचे तासन् तास लोडशेडिंग, दहावीची मुलं मेणबत्तीवर अभ्यास करायची. एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली साठच्या दशकात, रोजगार मिळाला हे खरं, पण मग घरं कारखान्यांना जाऊन भिडली. कारखान्यांच्या प्रदूषणाने २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ ला स्फोट झाले, माणसं गेली.

आणि तरी या गावाने स्वतःचं काहीतरी उभं केलं. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथून सुरू झाली आणि राज्यभर गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोड नव्या कपड्यातल्या पोरांनी भरतो. २०१७ ला नव्वदावं साहित्य संमेलन इथे झालं. खोलीभर जागेत वाढलेल्या लोकांनी लायब्रऱ्या चालवल्या, शाळा काढल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण ऑफिसं दक्षिणेला राहिली आणि घरं उत्तरेला सरकली, त्यामुळे भार सगळा लोकलवर. सकाळी डोंबिवलीला फास्टमध्ये शिरताच येत नाही म्हणून लोक आधी डाऊन गाडीने कल्याणला जातात आणि तिथून बसून परत येतात, म्हणजे मुंबईला जायला आधी उलट्या दिशेला. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन दहा वर्षांहून जास्त रखडून २०२२ ला झाली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडून मेले, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना डोंबिवली-कल्याण आठवलं.

आता बऱ्याच नोकऱ्या नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापेकडे गेल्यात, आणि तिकडे जाणारा प्रत्येक जण अजूनही आधी ठाण्याला जातो, तिथला ब्रिज चढतो आणि ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल, पकडतो. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर कल्याणकडची गाडी ठाणे टाळून थेट नवी मुंबईत जाईल. त्या कामातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, मार्ग मात्र कळव्याच्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडकलाय. तिथल्या कुटुंबांना जवळच घरं द्या आणि लाईन टाका, नाहीतर त्यांनाही कोणीतरी बदलापूरच्या पुढे नेऊन ठेवेल आणि तीही सकाळी याच गाडीला येतील.