शीर्षासन आलं म्हणजे नोकरी पक्की? कोणी सांगितलं!

जळगाव-धुळ्याकडं योग टीचरच्या इंटरव्ह्यूला निघालेल्या पोरापोरींच्या डोक्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं बसलीय, की तिथं शीर्षासन नाहीतर वृश्चिकासन करून दाखवलं की काम फत्ते. मग काय, महिनाभर भिंतीला पाय लावून प्रॅक्टिस, मान आखडली तरी चालूच. अहो, शाळेला सर्कस नकोय, वर्ग सांभाळणारा माणूस हवाय.

मी अमळनेरकडच्या एका शाळेत गेलो तेव्हा आसन एकच सांगितलं, ताडासन, म्हणजे ताठ उभं राहून हात वर ताणायचं साधं आसन, आणि तेही सहावीच्या पोरांना शिकवून दाखवा म्हणे. मग मॅडमनी विचारलं, तास मधल्या सुट्टीनंतर आहे, पोरं आत्ताच खिचडी खाऊन आलीत, काय घ्याल? मी झटक्यात सूर्यनमस्कार बोलून गेलो आणि तिथंच माती खाल्ली. भरल्या पोटी वाकवायचं नसतं, वज्रासन, मानेच्या हालचाली, शांत श्वास एवढंच, हे माहीत होतं हो, पण ऐनवेळी तोंडातून निघालं नाही ना.

थिअरीही विचारतात. अष्टांग योगात, म्हणजे योगाच्या आठ अंगांत, आसन तिसरं, आधी यम-नियम, म्हणजे वागणुकीचे नियम. कपालभातीला सगळे प्राणायाम म्हणतात, पण हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत मोजलीय. 21 जूनच्या योग दिनाचा कॉमन योगा प्रोटोकॉल, म्हणजे सगळीकडं एकसारखा करायचा ठरलेला क्रम, 45 मिनिटांचा, तो क्रमानं आला पाहिजे.

आणि डेमोची, म्हणजे शिकवून दाखवायची, तयारी आरशासमोर नको, गल्लीतली पाच-सहा पोरं ओट्यावर बसवून करा, ती ऐकत नाहीत तेच बरंय.