अस्थिमज्जेबाहेर रक्तपेशी तयार होण्याची शंका आणि तपासण्या

जन्मानंतर रक्तपेशी मुख्यतः हाडांतील मज्जेतच तयार होतात. गर्भावस्थेत मात्र काही महिने हे काम प्रामुख्याने यकृत आणि काही प्रमाणात प्लीहा सांभाळते. पुढे थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन नीट तयार न होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारात) मज्जेला रक्ताची गरज भागवता आली नाही, किंवा मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत तंतू वाढून तिची जागा आक्रसली, की यकृत, प्लीहा अथवा मणक्यांलगतच्या भागात पुन्हा रक्तपेशी तयार होऊ लागतात. प्लीहा हिवतापासारख्या इतर कारणांनीही वाढते. त्यामुळे केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये.

पहिला धागा बहुधा सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीत मिळतो. केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी रक्तात उतरल्या की काही यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतात. यंत्राने १२,००० आकडा दिला आणि काचपट्टीवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २० पेशी दिसल्या, तर खरी संख्या १०,००० ठरते. म्हणूनच यंत्राने इशारा दिलेला प्रत्येक नमुना आमच्या प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्ट स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या तांबड्या पेशी आणि त्यांच्या जोडीला अपक्व पांढऱ्या पेशी आढळल्यास अहवालात तसे स्पष्ट लिहिले जाते, कारण त्यावरच पुढील तपासाची दिशा ठरते.

त्यानंतर मज्जेची बायोप्सी, जॅक-२, सीएएलआर व एमपीएल या जनुकांची तपासणी किंवा थॅलेसेमियासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) यांपैकी काय करायचे, हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. मणक्यालगत गाठ असल्यास एमआरआय सर्वाधिक उपयुक्त ठरतो. अशा गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असल्याने सुई घातल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून आजार आधीच माहीत असेल आणि एमआरआयचे चित्र त्याच्याशी जुळत असेल, तर अनेकदा बायोप्सी टाळली जाते. निदानाबद्दल शंका उरल्यास मात्र ती करावी लागते. पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर प्रयोगशाळेत न येता थेट रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आल्याचे ते लक्षण असू शकते.

नमुना देताना जुने अहवाल सोबत आणावेत आणि रक्त चढवले असल्यास त्याची तारीख आवर्जून सांगावी. दात्याच्या पेशी मिसळल्याने एचपीएलसीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो, त्यामुळे ती तपासणी साधारण तीन महिने पुढे ढकलावी लागते.