पिन सरकली की सरकवली? दोरीचं मशीन आणि मोकळ्या पिनांचं मशीन

बोलिंगमध्ये पिना मांडणारी मशीनं दोन तऱ्हेची: एकात पिना दोरीला बांधलेल्या, दुसऱ्यात मोकळ्या. दोरीच्या लेनवर गिऱ्हाईक ओरडतं, “मशीनने पिन हलवली!” मोकळ्या पिनांच्या लेनवर तेच गिऱ्हाईक म्हणतं, “मशीनने पिन जागेवर आणली नाही!” दोन्ही वेळा मशीन बरोबर असतं आणि दोन्ही वेळा मॅनेजर फोन मलाच लावतो. अलिबाग असो की मालवण, तक्रार बदलत नाही.

खेळ तुम्हाला ठाऊक आहे. दहा पिना, दोन पिनांच्या मध्यबिंदूंत १२ इंच, फाऊल लाइनपासून (बॉल टाकताना ओलांडायची नाही ती रेघ) पहिली पिन ६० फुटांवर. हे दोन्हीकडे सारखंच. दिवे आणि स्क्रीन बघून मशीन ओळखायला जाऊ नका. पिनेच्या डोक्यातून दोरी वर गेलेली दिसली तर दोरीचं, नाहीतर मोकळं. झालं.

घोळ होतो तो पहिल्या बॉलनंतर.

मोकळ्या पिनांच्या मशीनमध्ये बॉल गेला की समोर आडवी फळी पडते. वरून टेबल, म्हणजे पिना उचलणारा-ठेवणारा भाग, उतरतं, उभ्या पिनांच्या माना पकडतं आणि त्यांना आहेत तिथून सरळ वर उचलतं. मग फळी आडव्या पडलेल्या पिना मागच्या खड्ड्यात लोटते आणि टेबल उभ्या पिना परत खाली ठेवतं. कुठे? जिथून उचलल्या तिथेच. मूळच्या ठिपक्यावर, म्हणजे पिनेच्या ठरलेल्या जागेवर, नव्हे. कोपऱ्यातली दहा नंबरची पिन धक्क्याने डगमगली, दोन बोटं सरकली आणि उभी राहिली, तर दुसरा बॉल त्या सरकलेल्या पिनेवरच टाकायचा. नियमच तसा आहे. पिन पकडीच्या बाहेर सरकली तर टेबल तिला धरू शकत नाही आणि मशीन थांबतं. त्याला बिघाड म्हणू नका, ते शहाणपण आहे.

दोरीच्या मशीनमध्ये फळी पिना लोटत नाही. दहाच्या दहा पिना दोरीने वर खेचल्या जातात आणि आपापल्या खोबणीत बसतात. पडलेल्या तिथेच अडकवून ठेवतात, उरलेल्या खाली सोडतात. खोबणीतून सुटलेली पिन ठिपक्यावरच येणार. मघाची ती दहा नंबर इथे दोन बोटं सरकून परत ठिपक्यावर येते, आणि खेळणाऱ्याला वाटतं की आत बसून कोणीतरी हात मारला. कोणी काही केलेलं नसतं.

पडलं कोण, हेही दोरीच सांगते. आडवी होणारी पिन जास्त दोरी ओढून घेते आणि वरचा सेन्सर ते टिपतो. म्हणून शेजारच्या पिनेची दोरी आडवी लागून एखादी पिन लोळली, तरी मशीनच्या लेखी ती पडलीच. मोकळ्या पिनांच्या लेनवर हे काम बहुधा कॅमेरा करतो.

तेव्हा फोन लावण्याआधी एवढंच बघा: पिन वाकडी दिसली ती पहिल्या बॉलच्या आधी की नंतर? नव्या दहा पिना मांडताना एखादी ठिपका सोडून बसत असेल, तर खरंच सेटिंग गेलंय, मशीन कुठलंही असो. पहिल्या बॉलनंतर मोकळी पिन ठिपक्याबाहेर असेल तर चहा प्या. दोरीच्या लेनवर मात्र पडलेली पिन पुन्हा उभी होऊन आली किंवा उभी असलेली गायब झाली, तर दोरीची लांबी आणि सेन्सर तपासा.

“दोरीचं म्हणजे डुप्लिकेट” हेही ऐकून कान किटले. अमेरिकेत बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस) या संस्थेने २०२३ साली दोरीच्या बोलिंगला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. ते योग्यच. दोरीमुळे पिना मोकळ्या उसळत नाहीत, स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाच्या दहा पिना आडव्या) कमी पडतात. मला स्वतःला खेळायला मोकळ्या पिनाच आवडतात. पण खाडीकाठच्या रिसॉर्टला मी दोरीचंच मशीन सुचवतो.

कारण देखभाल. मोकळ्या पिनांच्या मशीनमध्ये मागे एक मोठं चाक असतं. वाडीतल्या रहाटाची गाडगी पाणी उचलतात तसे त्याचे कप्पे खड्ड्यातल्या पिना वर नेतात. तिथून पट्टे, मग वाटप, मग टेबल. इतक्या हलत्या भागांना खारी हवा लागली की बेअरिंग कुरकुरतात, स्विचच्या टोकांवर हिरवट थर चढतो. त्यावर आमची पोरं दिसेल तिथे ऑइलचा फवारा मारतात! पट्ट्यावर ऑइल गेलं की तो घसरतो, धूळ बसली की चिखल होतो. कंपनीने दिलेल्या जागीच, तेवढंच ग्रीस लावा.

दोरीच्या मशीनला काहीच लागत नाही, हाही भ्रमच. जिथे दोरी भोकाच्या कडेला घासते तिथे तिचे धागे सुटतात, तेवढा भाग रोज बोटांनी चाचपा. तुटलेल्या दोरीला गाठ मारून चालवू नका. लांबी कमी होते, गाठ अडकते आणि सेन्सर भलतंच सांगतो. अख्खी दोरी बदला. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद असलं तरी आठवड्याला एकदा मशीन फिरवा.

आणि लाइट गेली तर, मशीन कुठलंही असो, मधेच थांबलेल्या टेबलाखाली किंवा पिनांमध्ये हात घालू नका. आधी मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. लाइट कधी परत येईल ते वायरमनलाही ठाऊक नसतं.