गार पाण्यातली गर्दी

“सर, एवढ्या गार पाण्यात जगतंय तरी काय?”

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीच्या एका मुलीनं हे विचारलं, तेव्हा जूनचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी नुकताच पुतण्याकडे स्कॉटलंडला जाऊन आलो होतो आणि तिथल्या समुद्रात मारलेल्या बुडीची हकिकत वर्गात सांगत होतो. पाणी होतं ८-९ अंश सेल्सिअस. तिचा प्रश्न रास्तच होता. शाळेच्या टाकीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे थंडीच्या दिवसांत तळाशी जाऊन मलूल पडून राहतात, हे तिनं पाहिलेलं. गारठ्यात जीव आखडतो आणि उबेत बहरतो, असा आपला सगळ्यांचाच अनुभव. समुद्रात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडतं. तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून ते इथे पुरं करतो.

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, उत्तर समुद्राला लागून, सेंट अ‍ॅब्ज नावाचं लहानसं मच्छीमारांचं गाव आहे. १९८४ साली इथल्या समुद्राचा एक पट्टा लोकांनी आपणहून राखीव ठेवला. इथे बुडी मारायला होडी लागत नाही. धक्क्याजवळच्या खडकांवरून जपून चालत उतरायचं आणि छातीएवढं पाणी झालं की पाय सोडायचे. मी मालवणला दोन हंगाम शिकलो होतो, पण तिथं पातळ सूटवर भागतं. इथे ड्रायसूट हवा. आत पाणी शिरत नाही, अंगावर लोकरी कपडे राहतात, आणि कातडी व समुद्र यांच्यामध्ये हवेचा थर टिकतो. तो थर फार मोलाचा, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ऊब ओढून नेतं. बेळगावात जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हा आपण कानटोपी घालून खुशाल फिरायला जातो. तेवढ्याच गार पाण्यात उघडा हात धरला तर काही मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. माझे फक्त ओठ आणि गाल उघडे होते, आणि डोकं बुडताच ते बधिर झाले.

पुतण्यानं आधीच बजावलं होतं, “काका, मे महिन्यात इथे लांबचं दिसत नाही हं.” खरंच, पाणी हिरवट आणि गढूळ होतं, मुगाच्या कढणासारखं. चार-पाच मीटरपलीकडे सगळं पुसट. पहिल्यांदा मन खट्टू झालं. पण तो हिरवेपणा चिखलाचा नव्हता. ते वनस्पती-प्लवक होते, डोळ्यांना एकेकटे न दिसणारे कोट्यवधी तरंगते जीव, आणि वसंतात त्यांचं पीक आलं होतं. पुढे जे काही पाहिलं ते सगळं या पिकावर पोसलेलं होतं.

खडकाच्या माथ्यावर केल्पचं रान होतं. केल्प म्हणजे तपकिरी समुद्री शैवाल. काठीसारखा ताठ देठ माणसाच्या कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत येतो, आणि वर चामड्यासारखं, चिरत गेलेलं रुंद पान. खाली मुळांसारखं दिसतं ते मूळ नव्हे. ती नुसती खडकाला धरलेली मूठ, अन्न-पाणी काही शोषत नाही. सगळं पोषण पानच थेट पाण्यातून घेतं. त्या मुठीच्या फटींत छोटे खेकडे आणि किडे कोंबल्यासारखे भरले होते. देठांवर लाल शैवालाच्या झालरी. एका पानावर मला नखाएवढा शिंपला दिसला, अगदी पारदर्शक, एका बाजूनं पाहिला तर कुणी गोंदाचा थेंब सांडल्यासारखा. मी थोडा सरकलो, उजेडाचा कोन बदलला, आणि त्याच्या पाठीवर निळ्या तुटक रेषा चमकून उठल्या. दिवा लागावा तशा. परत सरकलो, विझल्या. त्या शिंपल्यात निळा रंग नावाला नाही. कवचाच्या आत कॅल्साइटचे अतिसूक्ष्म थर ठरावीक अंतरावर रचलेले असतात, आणि ते फक्त निळा प्रकाश परत पाठवतात. आपल्या मोरपिसाचा निळा असाच आहे. मोराचं पीस कुटून भुकटी केली की ती काळपट होते, कारण रचना मोडते आणि रंग जातो. आमच्या रानात मोर आहेत, मुलांना ते लगेच पटलं.

खडकाची भिंत उतरू लागलो तशी गर्दी वाढत गेली. आठ-दहा मीटर खाली सगळं राखाडी-हिरवं दिसत होतं, कारण तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं. तेवढ्या खोलीवर बोट कापलं तर रक्तही हिरवट दिसतं. पुतण्यानं टॉर्च लावला आणि भिंत पेटल्यासारखी झाली. नारिंगी, पांढरे, जर्द पिवळे गुच्छ, जागा म्हणून शिल्लक नाही. यांतले बरेचसे मऊ प्रवाळ होते. तिकडचे लोक त्यांना ‘मेलेल्याची बोटं’ म्हणतात, आणि मिटलेले असताना ते तसे दिसतातही. पण आता ते उमलले होते. प्रत्येक बोटावर शेकडो बारीक फुलं, प्रत्येकाला आठ पाकळ्या, आणि ती पाकळी म्हणजे खरं तर प्लवक पकडणारा हात. हे जीव उन्हाळ्याच्या शेवटी मिटतात, काही महिने काही खात नाहीत, वर शैवालाची पुटं चढतात. हिवाळ्याच्या तोंडावर ती कात टाकतात आणि पुन्हा उमलतात. शेतकऱ्यासारखंच त्यांचं वर्ष सुगीला बांधलेलं.

भिंतीच्या एका खबदाडीत विटकरी-लाल रंगाचा, चेंडूसारखा गोल मासा खडकाला चिकटून बसला होता. हा लंपसकर. त्याच्या पोटाकडचे पर एकत्र होऊन त्यांची चकती झाली आहे, आणि तिनं तो खडक घट्ट धरतो. शेजारी अंड्यांचा पुंजका होता. मादी अंडी घालून निघून जाते. नर सहा-आठ आठवडे तिथंच राहून अंड्यांवर पाणी फुंकत बसतो, म्हणजे त्यांना ऑक्सिजन मिळावा. लाटा आदळोत, खेकडे येवोत, तो हलत नाही. आम्ही दीड हातावर होतो, तरी हलला नाही. माझे डोळे मास्कच्या आत भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कपारीतून बाहेर डोकावणारा वुल्फफिश दिसला. निळसर करडं, सुरकुतलेलं तोंड आणि समुद्रसाळी, खेकडे करकरा फोडणारे दात. दरवर्षी ते दात झडून नवे येतात. त्याच्या रक्तात बर्फ होऊ न देणारी प्रथिनं असतात. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं, पण साध्या माशाचं रक्त त्याच्या आधीच, उणे पाऊण अंशालाच गोठू लागतं. अतिथंड समुद्रात ही प्रथिनं बर्फाच्या इवल्या कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. जीवशास्त्रज्ञ आर्थर डीव्हरीज यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या माशांमध्ये ती प्रथम शोधली.

पण ८-९ अंशांवर गोठायचा प्रश्नच नसतो. तिथली अडचण निराळी, आणि ती समजायला आपलं देवघर पुरेसं आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते, आणि आई ती उन्हात नाहीतर चुलीजवळ ठेवते. शेजारची तिळाच्या तेलाची बाटली मात्र तशीच वाहती असते. दोन्ही तेलंच, मग फरक कसला? खोबरेल तेलातले स्निग्ध रेणू सरळ काड्यांसारखे असतात, ते एकमेकांवर नीट रचले जातात आणि थिजतात. तिळाच्या तेलातल्या रेणूंना बाक असतो, त्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही. प्रत्येक पेशीचं आवरण अशाच स्निग्ध रेणूंचं असतं. ते थिजलं तर आत-बाहेर काही जाणार नाही, पेशी मरेल. गार पाण्यातल्या जिवांच्या आवरणात बाकदार रेणूंचं प्रमाण जास्त असतं. डॉक्टर ज्याच्या कॅप्सूल लिहून देतात ते ओमेगा-३ याच जातीचं. गप्पीचं शरीर उबदार पाण्यासाठी घडलेलं असतं, म्हणून तो थंडीत मलूल होतो. लंपसकरला तेच पाणी घरचं वाटतं.

गारव्यानं शरीराचं चक्र मात्र संथ होतं, आणि आयुष्य लांबतं. २००६ साली आइसलंडजवळून काढलेल्या एका शिंपल्याच्या कवचावरच्या वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा वय निघालं ५०७ वर्षं. म्हणजे तो जन्मला १४९९ मध्ये, वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यानंतरच्या वर्षी.

आता मूळ मुद्दा. जीव गार पाण्यात तगतो हे कळलं, पण तिथं एवढी गर्दी का?

आमच्याकडे भात लावण्याआधी खाचरात चिखल करतात. खालची माती वर येते, वरचा पालापाचोळा खाली जातो. समुद्रातही मेलेले जीव, विष्ठा, सगळं खाली खाली जात राहतं, आणि त्यातलं नायट्रेट-फॉस्फेटचं खत अंधाऱ्या तळाशी साठतं. खत खाली, उजेड वर. उबदार समुद्रात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि झाकणासारखं बसतं, खालचं खत वर येतच नाही. जाहिरातींतलं ते निळंशार, आरपार दिसणारं पाणी बहुतेकदा उपाशी पाणी असतं. (प्रवाळबेटं हा अपवाद. तिथं मिळालेला कण पुन्हा पुन्हा वापरला जातो.) उत्तरेकडच्या समुद्रात हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं, वर वादळं घुसळतात, आणि झाकण मोडतं. समुद्राची चिखलणी होते. मग वसंतात ऊन वाढलं की प्लवकांचं ते हिरवं पीक येतं, मी ज्याला आधी नावं ठेवली ते.

त्यात ऑक्सिजनची भर. सोड्याची गार बाटली उघडली तर वायू हळूहळू सुटतो, तापलेली उघडली तर फसफसून बाहेर येते, कारण गार पाणी वायू धरून ठेवतं. हवेशी खेळत्या समुद्राच्या पाण्यात ५ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सहाच्या आसपास.

पुढच्या तासाला हे सगळं सांगितल्यावर मागच्या बाकावरनं प्रश्न आला, “मग आमच्या बाजूला असलं काय न्हाईच की ओ सर?”

आहे. आणि पावसाळ्यातच आहे. मान्सूनमध्ये किनाऱ्यालगत वाहणारे वारे आणि प्रवाह, वर पृथ्वीचं फिरणं, यांमुळे केरळपासून गोव्यापर्यंत वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर, आत समुद्राकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला खोलवरचं गार, खतानं भरलेलं पाणी वर चढतं. किनाऱ्यावर उभं राहून ते कळत नाही, कारण नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर पसरलेलं असतं. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी म्हदई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. म्हणजे वर्गात बसून ज्याचा आवाज ऐकत होतो त्या पावसाचा थोडा वाटा त्या झाकणात होता.

पण इथे एक गंभीर गोष्ट आहे. गार पाणी ऑक्सिजन धरतं खरं, पण तो हवेतून मिळायला तर हवा. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवरचं पाणी फार काळ हवेला लागलेलं नसतं. वरून पडणारी घाण कुजवताना जिवाणू तिथला ऑक्सिजन जवळजवळ संपवतात. पावसाळ्यात किनाऱ्याकडे चढणारं पाणी याच्याच वरच्या पदरातलं, आधीच ऑक्सिजनला तुटलेलं. किनाऱ्यापाशी वर पीक येतं, ते मरून खाली पडतं, कुजतं, आणि उरलासुरला ऑक्सिजनही जातो. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची ही ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत चालली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येण्याइतकी पाळी येते. किनाऱ्यावरून वाहून जाणारं खत त्यात भर घालतं. या गोष्टीनं माझी झोप उडते, कारण ज्या पाण्यावर आपलं ताट चालतं तेच हे पाणी.

ताट म्हणजे बांगडा. जून-जुलैची मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, की कारवार-गोव्याकडचा बांगडा घाट चढून आमच्याकडे येतो. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी बाजारात गेलो. मावशी म्हणाल्या, “सर, बारका घ्या की, चव त्यालाच हाय.” मी मोठे दोन घेतले, न कापता, आणि सोमवारी शाळेत नेले. ट्रेमध्ये ठेवून एकाचं तोंड उघडलं, कल्ल्याचं झाकण उचललं. आत कल्ल्यांच्या कमानीवर लांब, पिसासारख्या काड्यांची दाट फणी. बांगडा तोंड वासून पोहतो आणि ती फणी पाण्यातून प्लवक गाळून घेते. एक कमान कात्रीनं सोडवून काचेवर ठेवली आणि भिंगाखाली सरकवली. जूनमध्ये प्रश्न विचारणारी मुलगी पहिली वाकली. बराच वेळ वर बघेना.

“सर,” ती म्हणाली, “फणीत हिरवं हिरवं कायतरी अडकलंय.”