हॅमर-इन : हौशी लोहार एकत्र का जमू लागले

अमेरिकेच्या ग्रामीण भागात शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ट्रक लागतात, ऐरणी उतरतात, दोन-तीन भट्ट्या पेटतात आणि दिवसभर दहा-वीस माणसे आळीपाळीने लोखंड घडवतात. यालाच तिथे ‘हॅमर-इन’ म्हणतात. ठिय्या आंदोलनाचे ‘सिट-इन’, हौशी वैमानिकांचे ‘फ्लाय-इन’, त्याच साच्यातला हा शब्द. खर्च भागवण्याची रीतही ठरलेली आहे. येणारा प्रत्येक जण घरून काहीतरी घेऊन येतो, जुनी सांडशी, स्वतः घडवलेला अडकवायचा आकडा, पोतेभर कोळसा. त्यावर चिठ्ठ्या विकतात आणि टोपीतून नाव काढतात. कोळशाचे पैसे त्यातून सुटतात.

लोहारकी तीन हजार वर्षांची असली तरी तिचे हे रूप पन्नास वर्षांचेच आहे, आणि ते एका तुटलेल्या साखळीतून आले. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटींवर घोडे आणि खेचरे होती. ट्रॅक्टर आला तशी ती घटली, सुट्या भागांचे कारखाने आणि विजेचे वेल्डिंग आले आणि दोन पिढ्यांत गावोगावची लोहारशाळा बंद पडली. हातात कसब असलेले म्हातारे उरले, पण भाता ओढायला पोरगा उरला नाही. १९६० च्या दशकाअखेरीस शहरी तरुणांना या कामाची ओढ लागली, तेव्हा शिकायला जायचे कुठे, हाच प्रश्न होता. १९७० मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेलच्या विद्यापीठात कार्यशाळा झाली, १९७३ मध्ये जॉर्जियातल्या लम्पकिन गावी मूठभर लोहार जमले आणि त्यातून संघटना उभी राहिली. तिने नावात ‘लोहारा’च्या आधी ‘कलावंत’ लावले. पाच वर्षांनी ब्रिटनमधल्या संघटनेनेही तेच केले. आपल्याकडे नालबंद वेगळा आणि लोहार वेगळा हे भाषेतच ठरलेले आहे. तिकडे ‘ब्लॅकस्मिथ’ म्हटले की लोकांना घोड्याची नालच आठवते, त्यामुळे ही फोड त्यांना मुद्दाम करावी लागली.

खरा गुंता मात्र दुसऱ्याच शब्दाचा आहे, ‘दमास्कस’चा. हे नाव सीरियातल्या शहराचे, पण लागले ते नक्षीदार पोलादाला. १९७३ मध्येच एका अमेरिकी कारागिराने चाकूंच्या प्रदर्शनात लहरीदार नक्षीची पाती ‘दमास्कस’ म्हणून मांडली आणि तेव्हापासून या मेळ्यांत याच प्रात्यक्षिकाला मोठी गर्दी होते. एक साधे उच्च कार्बनचे पोलाद आणि एक निकेल असलेले, अशा पट्ट्या एकाआड एक रचायच्या आणि तापवून, ठोकून एकजीव करायच्या. वर टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरायचा. ताव फिकट पिवळ्यावर गेला की टाकणखार काकवीसारखा वितळून कडांवरून ओघळतो. पहिले घाव हलके मारायचे, घण जोरात घातला तर थर एकमेकांवरून सरकतात. सुरुवातीला आवाज भदभद येतो, थर एकमेकांना धरले की भरीव येतो, आणि शिकणाऱ्याने तो आवाजच ओळखायचा असतो. मग लांबवून, तोडून, पुन्हा रचायचे. सात थरांचे चार तुकडे केले की अठ्ठावीस, पुन्हा तसेच केले की एकशे बारा. शेवटी फेरिक क्लोराईडमध्ये बुडवले की निकेलचा थर उजळ राहतो आणि दुसरा काळा पडतो.

काम देखणे आहे आणि अवघडही आहे. पण ज्या पोलादामुळे ‘दमास्कस’ला कीर्ती मिळाली, ते हे नव्हे. ते दख्खनचे आणि दक्षिणेचे. बंद मातीच्या मुशीत लोखंड आणि वनस्पतीचा कार्बन एकत्र वितळवून त्याची वडी निघे. तिच्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे आणि ती नुसत्या लाल तावावर, फार जपून घडवावी लागे, जास्त तापली की भुगा. नक्षी थरांची नव्हती, पोलाद थिजताना आत जमलेल्या कार्बाइडची, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगाची होती. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम आहे. तिथे या वड्या घ्यायला इराणी व्यापारी येऊन राहत, याची १९ व्या शतकातली नोंद आहे. १७९५ मध्ये लंडनच्या विद्वानांपुढे या पोलादावर निबंध वाचला गेला तो ‘वूट्झ’ नावाने. मूळ शब्द कन्नड ‘उक्कू’. फारसीत त्या नक्षीला जौहर म्हणत. पुढे युरोपात पट्ट्या पिळून केलेल्या बंदुकीच्या नळ्याही ‘दमास्कस’ म्हणून विकल्या गेल्या आणि घोळ पक्का झाला. थरांच्या कामाला ‘थरांचे पोलाद’ म्हणावे, मुशीच्या पोलादाला त्याचे स्वतःचे नाव द्यावे, असे म्हणणारे जाणकार मेळ्यांत आहेत आणि त्यांचेच बरोबर आहे. मूस लावणाऱ्या माणसांचे काम दुसऱ्या शहराच्या नावावर गेले ते गेलेच, निदान आता तरी दुसऱ्या तंत्राच्या नावावर जाऊ नये.

गेल्या दहा-बारा वर्षांत गर्दी वाढली. २०१५ पासून पाती घडवण्याची स्पर्धा अमेरिकी दूरचित्रवाणीवर आली, गॅसची छोटी भट्टी परसात मावू लागली. मेळ्यात ट्रकच्या मागच्या फळीवर मांडलेल्या जुन्या इंग्लिश ऐरणीभोवती आता घोळका असतो. तिच्या कुशीवर १·१·१० असे आकडे असतात : पहिला ११२ पौंडांचा, दुसरा २८ चा, तिसरा सुटे पौंड, एकूण १५०, म्हणजे सुमारे ६८ किलो. घेणारा खिशातून बेअरिंगची गोळी काढतो, वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडतो आणि ती किती उसळते त्यावरून ऐरणीचा कस बघतो.

नव्याने आलेला पहिल्याच दिवशी दमास्कस मागतो. त्याच्या हाती बोटाएवढी सळई देतात, आणि तिचा एक अडकवायचा आकडा वळवून होईपर्यंत शेजारी कुणीतरी उभा राहतो.