कान सुटला, पण...

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या शेजारी दोन तास काढून घरी आलं की कानाला दडे बसलेले असतात. रात्री उशीवर डोकं टेकलं की आत रातकिडे सुरू होतात. दोन दिवसांनी ते थांबतात, ‘कान सुटला’ म्हणून आपण विसरतो. शास्त्रज्ञही बरीच वर्षं असंच मानत होते. ऐकण्याची क्षमता पूर्वीइतकी झाली, म्हणजे इजा भरून निघाली.

बॉस्टनमधल्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये या समजुतीला धक्का दिला. त्यांनी उंदरांना 100 डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. उंदरांना ऐकू येणं कमी झालं, मग दोनेक आठवड्यांत चाचणीचे आकडे जागेवर आले. आवाजाची थरथर टिपणाऱ्या केसपेशीही शाबूत होत्या. पण या दोघांनी केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले सिनॅप्स, म्हणजे जोड, मोजले. उंच स्वरांच्या भागात जवळपास निम्मे जोड कायमचे गेले होते! पुढे महिन्यामहिन्यांनी, वर्ष-दोन वर्षांत तिथल्या चेतापेशीही हळूहळू मरत गेल्या.

चाचणीत हे दिसलं नाही, कारण ऑडिओग्राम काढताना एवढंच बघतात, की शांत खोलीत किती हळू आवाज ऐकू येतो. त्या कामाला उरलेले तंतू पुरतात. नंतरच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आधी तुटतात ते मोठ्या आवाजाला प्रतिसाद देणारे तंतू. गलबल्यातून एकाचं बोलणं वेगळं काढायला तेच लागत असावेत. लग्नाच्या हॉलमध्ये ‘ऐकू येतंय, पण कळत नाहीये’ म्हणणाऱ्या माणसाला आपण उगाच हसतो.

आणि कर्णनाद, म्हणजे कानातले ते रातकिडे? लंडनमध्ये रोलंड शेटं आणि डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी 2011 मध्ये ऑडिओग्राम नॉर्मल असूनही कानात आवाज येणाऱ्या 15 स्त्रिया तपासल्या. श्रवणतंतूंकडून निघणारी विद्युतलहर त्यांच्यात क्षीण होती, मेंदूच्या खोडात वर पोचेपर्यंत मात्र ती नेहमीएवढी झालेली. त्यांनी लावलेला अर्थ असा, की कानाकडून कमी माल येतो म्हणून मेंदू आपला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो आणि त्यात स्वतःचीच खरखर ऐकू येऊ लागते. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना बटण पिळल्यासारखं. मला हे स्पष्टीकरण पटतं, पण ते सगळ्यांच्या कर्णनादाला लागू पडेलच असं नाही.

उंदरांवरून माणसांवर उडी मारणंही सोपं नाही. मँचेस्टरच्या गटाने 2017 मध्ये शंभराहून अधिक तरुणांची तपासणी केली; आयुष्यात सोसलेला गोंगाट आणि ती लहर यांचा संबंध त्यांना आढळला नाही. लहरीची उंची माणसागणिक बदलते, आणि जिवंत माणसाच्या कानातले जोड मोजता येत नाहीत. ते मोजले जातात मरणोत्तर दान केलेल्या कानांच्या हाडांत. लिबरमन यांच्या प्रयोगशाळेने ते केलं, तेव्हा उतारवयात केसपेशी टिकून असतानाच त्यांचे तंतू मोठ्या प्रमाणात गळालेले दिसले.